निखळलेला खडा आणि कारागिराची जबाबदारी
शिल्पिन्यासाच्या प्राचीन विचाराचा परामर्श

आपल्या ज्ञातीत क्वचितच असे घर सापडेल की ज्या घरातील पेटीत एखादा दुरुस्त केलेला दागिना नाही. नवा डाग घडविण्याचा प्रसंग लग्नमुंजीला येतो. जुन्या डागाची डागडुजी मात्र बारमास चालते. आजीची कुडी नातीच्या कानात जाते, तेव्हा तिचे मळसूत्र झिजलेले असते. सासूची अंगठी सुनेच्या बोटाला सैल होते. चिंचपेटीची कडी तुटते, नथीची तार वाकते. हे सारे काम सोनाराच्या हाती येते आणि बहुधा ते सुखरूप परत जाते. परंतु कधी कधी असे घडते की, दुरुस्त होऊन गेलेल्या दागिन्यातील खडा चारआठ दिवसांत निखळून पडतो आणि सापडत नाही. मग गिऱ्हाईक म्हणते, “शेवटी दागिना तुमच्याच हाती होता.” कारागीर म्हणतो, “मी केवळ कडी झाळली. खड्याला हात लावला नाही.” दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. अशा वेळी भरपाई कोणी करावयाची?

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु ज्या घरावर तो ओढवतो त्या घराला तो लहान वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो खडा म्हणजे केवळ किंमत नसून आईची वा आजीची आठवण असते. उलट कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर कडी झाळण्याची मजुरी अगदी अल्प, आणि गेलेल्या माणकाची वा हिऱ्याची किंमत त्या मजुरीच्या शेकडो पट. एका खड्याच्या भरपाईत कारागिराची कित्येक महिन्यांची कमाई जाऊ शकते; आणि भरपाई नाकारली तर पिढ्यांची साख जाते. सुदैवाने हा प्रश्न आजचा नाही. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी त्याचा सूक्ष्म विचार करून ठेवला आहे. त्या विचाराचा परिचय करून देणे, आणि आजच्या व्यवहारास त्यातून काय घेता येईल हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खडा का निखळतो?

जबाबदारीचा विचार करण्यापूर्वी खडा कशाच्या आधारावर बसलेला असतो, हे ध्यानी घेतले पाहिजे. जुन्या जडावाच्या कामात खड्याच्या घरात लाख भरलेली असते; तिच्यावर चकचकीत पातळ पत्रा, त्यावर खडा, आणि खड्याच्या कडेभोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबून बसविलेली असते. हेच कोंदण. यात झाळ नसते. शुद्ध सोन्याचा मऊपणा आणि कारागिराच्या हाताचा दाब एवढाच काय तो आधार. नव्या पद्धतीच्या अंगठीत खडा सोन्याच्या बारीक नख्यांनी धरलेला असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने या नख्या कापडाला, केसांना, भांड्यांना घासून झिजतात.

आता दुरुस्तीचा परिणाम पाहू. लाख थोड्याशा उष्णतेनेही मऊ होते. म्हणून कुडीची दांडी झाळताना ज्वाला घरापासून दूर असली, तरी सोन्यातून वाहत जाणारी उष्णता लाखेपर्यंत पोहोचते आणि खडा आपल्या जागी डुलू लागतो. मोती आणि पाचू यांना तर शेगडीचा ताव मुळीच सोसत नाही. म्हणूनच जाणता कारागीर असे जिन्नस आधी उतरवून ठेवतो. अंगठी लहानमोठी करताना तिची वर्तुळाकृती बदलते, त्याबरोबर खड्याचे घरही किंचित वाकते आणि नख्यांची पकड ढिली होते. अर्थात् “मी खड्याला हात लावला नाही” हे वाक्य खरे असूनही पुरेसे नाही. हात न लावताही खडा हलविता येतो. तद्वतच “दुरुस्तीनंतर पडला, म्हणून दुरुस्तीने पडला” हे वाक्यही पुरेसे नाही. कारण झिजलेली नखी त्या आठवड्यात कुणी हात लावला नसता तरी तुटणारच होती. याशिवाय तिसरे एक कारण संभवते, ते म्हणजे डाग परत गेल्यानंतर लागलेला धक्का.

एकंदरीत दोषाची स्थाने तीन : वस्तू, हात आणि नंतरचा अपघात. या तिहींतील भेद ओळखणे हाच या प्रश्नाचा गाभा होय. आणि आपल्या शास्त्रकारांनी नेमका तोच ओळखला होता.

कौटिल्याची अक्षशाला

सुवर्णकामासंबंधी सर्वांत तपशीलवार माहिती कौटिलीय अर्थशास्त्रात मिळते. हा ग्रंथ कित्येक शतके अज्ञातवासात होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी तो 1909 साली प्रसिद्ध केला, पुढे प्रा. र. पं. कांगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास मुंबई विद्यापीठाने 1960 ते 1965 या काळात तीन भागांत प्रकाशित केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या सुवर्णशाळेचे, म्हणजे अक्षशालेचे, वर्णन आहे. तेथील कामाचे तीन वर्ग सांगितले आहेत : क्षेपण, गुण आणि क्षुद्रक. त्यांपैकी क्षेपण म्हणजे काच, मणी इत्यादी जडविण्याचे काम. म्हणजे जडावाचे काम त्या काळीही स्वतंत्र विभाग म्हणून मान्यता पावलेले होते.

अक्षशालेचे नियम कडक होते. कारागिरांची आत येताना आणि बाहेर जाताना झडती घेतली जाई. त्यांची हत्यारे आणि अपुरे काम तेथेच राही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, हाती दिलेले सोने व चाललेले काम सकाळ-संध्याकाळ तपासून त्यावर करणारा आणि करविणारा अशा दोघांच्याही मुद्रा उठवून ते ठेवावे, असे सांगितले आहे. या दोन मुद्रांचा अर्थ सूक्ष्म आहे. एका मुद्रेने मालकाचे रक्षण होते, दुसरीने कारागिराचे. वस्तू कोणत्या स्थितीत दिली व कोणत्या स्थितीत परत आली, याविषयी पुढे वाद उरू नये, म्हणून दोघांची साक्ष एकाच वस्तूवर.

हे झाले राजाच्या शाळेविषयी. नगरातील सर्वसामान्य लोकांच्या कामाविषयी त्यापुढील अध्यायात नियम आहेत. सांगितल्याहून निराळे काम केल्यास मजुरी बुडे आणि मजुरीच्या दुप्पट दंड होई. काम उशिरा दिल्यास मजुरीचा चतुर्थांश कापला जाई, शिवाय दंड. ज्या वर्णाचा व ज्या वजनाचा जिन्नस घेतला, त्याच वर्णाचा व वजनाचा परत करावा. काळ लोटल्यानंतरही तसाच जिन्नस परत घेण्याविषयी एक वाक्य त्याला जोडून येते. त्याचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्या वाक्यातही झिजलेल्या व मोडलेल्या जिनसांचा अपवाद स्पष्टपणे केलेला आहे. झीज ही कारागिराच्या माथी मारावयाची नाही, हे तत्त्व अशा रीतीने तेथे डोकावते.

याच अध्यायात जुन्या डागाच्या दुरुस्तीच्या निमित्ताने होणाऱ्या चोरीचे चार प्रकार नावानिशी दिले आहेत : परिकुट्टन, अवच्छेदन, उल्लेखन आणि परिमर्दन. ठोकून एखादा मणी वा तार पाडणे, आतून कापून घेणे, तीक्ष्ण हत्याराने कोरणे आणि चूर्ण लावलेल्या फडक्याने घासून सोने उतरविणे, असे त्यांचे स्वरूप आहे. दुरुस्ती हा फसवणुकीला अनुकूल प्रसंग आहे हे कौटिल्याने ओळखले होते, आणि आपल्या व्यवसायाविषयीचा समाजाचा संशय किती जुना आहे हेही यावरून कळते. मनुस्मृतीने तर अन्यायाने वागणाऱ्या सोनाराला सर्व समाजकंटकांत अधम ठरवून भयंकर देहदंड सांगितला आहे. सोनार, शिंपी व कुलकर्णी यांच्या संगतीपासून सावध राहण्यास सांगणारी आपल्याकडील म्हण याच संशयाची धाकटी बहीण. हे वाचून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ज्या व्यवसायात परक्याचे मौल्यवान धन रोज हाती येते, त्यावर समाजाचा डोळा राहणारच. प्रामाणिक कारागिराने या संशयाला उत्तर कसे द्यावे, एवढाच खरा प्रश्न आहे.

कात्यायनाचा निवाडा

धर्मशास्त्रात या विषयाला “शिल्पिन्यास” असे नाव आहे. शिल्प्याकडे, म्हणजे कारागिराकडे, घडविण्यासाठी किंवा संस्कारासाठी ठेवलेली वस्तू म्हणजे शिल्पिन्यास. नारदाने ठेवीसंबंधीचे नियम सांगून, तेच कारागिराकडे दिलेल्या वस्तूलाही लागू आहेत असे म्हटले आहे. ठेवीचा सर्वसाधारण नियम मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही दिला आहे : चोराने नेले, पुराने वाहून गेले, आगीत जळाले अथवा राजाने हिरावले, तर ठेव ठेवून घेणाऱ्यावर भरपाई नाही, मात्र त्याने स्वतः त्यातले काही घेतलेले नसावे. याज्ञवल्क्याने धातूंच्या तुटीचेही प्रमाण बांधून दिले. अग्नीत सोन्याची तूट मुळीच धरावयाची नाही. चांदीत शंभर पलांमागे दोन, कथील व शिसे यांत आठ, तांब्यात पाच आणि लोखंडात दहा पल तूट मान्य. म्हणजे सोनाराला सोन्याच्या बाबतीत सबब उरली नाही. जितके घेतले तितके दिले पाहिजे. याच याज्ञवल्क्यस्मृतीवर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी (1076–1126) कल्याणी येथे विज्ञानेश्वराने “मिताक्षरा” ही टीका रचली आणि ती महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली.

परंतु आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळते ते कात्यायनाकडे. कात्यायनाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. निरनिराळ्या निबंधग्रंथांत विखुरलेली त्याची व्यवहारविषयक वचने महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी परिश्रमपूर्वक गोळा केली आणि नऊशेंहून अधिक श्लोकांची कात्यायनस्मृती 1933 साली सिद्ध केली. काणे यांनी कात्यायनाचा काळ इसवी सनाचे चौथे ते सहावे शतक असा मानला आहे. कोकणच्या या पंडिताने, ज्यांना 1963 साली भारतरत्न देऊन गौरविण्यात आले, हे कार्य केले नसते तर पुढील नियम आपल्या हाती इतक्या सहज आले नसते.

कात्यायनाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. संस्कारासाठी दिलेली वस्तू तिच्या अंगच्या दोषामुळे नष्ट झाली, तर शिल्प्याकडून भरपाई घेऊ नये. ती शिल्प्याच्या दोषामुळे नष्ट झाली, तर मात्र घ्यावी. ठरलेल्या दिवसांपेक्षा अधिक काळ कारागिराने वस्तू आपल्याकडे ठेवून घेतली, तर त्यानंतर ती दैवाने नष्ट झाली तरीही भरपाई त्याच्याकडेच. काम थोडेसेही अपुरे असताना नाश झाला, तर तो कारागिराचा; आणि काम पुरे करून कारागीर देऊ करीत असता मालकाने नेले नाही, तर पुढचा नाश मालकाचा.

केवळ तीनचार श्लोकांत किती विचार भरला आहे पाहा. कोणाच्या हाती वस्तू असताना ती बिघडली, एवढेच कात्यायन पाहत नाही. दोष कोठे होता हे पाहतो. न्यासदोष आणि शिल्पिदोष हे त्याचे दोन शब्द म्हणजे आपल्या वादाची दोन तराजूची पारडी होत. झिजलेली नखी हा न्यासदोष; लाख वितळविणारा ताव हा शिल्पिदोष.

रोमन पंडितांचे मत

कात्यायनाच्या विचाराची थोरवी पटावी म्हणून एक परदेशी उदाहरण देतो. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी उल्पियन नावाचा थोर कायदेपंडित होऊन गेला. जस्टिनियन बादशहाने 533 साली प्रसृत केलेल्या कायद्याच्या महासंग्रहात त्याचे एक मत संगृहीत आहे. कोणी एखादे रत्न जडविण्यास अथवा कोरण्यास दिले आणि ते फुटले, तर काय करावे? उल्पियन सांगतो की, पदार्थाच्या दोषाने फुटले असेल तर कारागिरावर दावा चालत नाही. कारागिराच्या अकुशलतेने फुटले असेल तर चालतो. मात्र कारागिराने धोका आपल्या शिरावर घेण्याचे कबूल केले असेल, तर पदार्थाच्या दोषाबद्दलही तोच जबाबदार.

रोम आणि भारत यांच्या या दोन पंडितांनी एकमेकांचे ग्रंथ वाचल्याचा काही पुरावा नाही. तरीही दोघांनी जवळजवळ एकाच शब्दांत एकच भेद केला, याचे कारण उघड आहे. रत्न, ज्वाला आणि माणसाचा हात यांचा स्वभाव सर्वत्र सारखाच. उल्पियनच्या मतातील शेवटचा भाग मात्र विशेष मननीय आहे. “काही काळजी करू नका, माझ्यावर सोडा” असे गिऱ्हाइकाला सहज सांगून टाकणाऱ्या कारागिराने, आपण या शब्दांनी किती भार उचलीत आहोत, हे जाणले पाहिजे.

1872 चा करारविषयक कायदा

इंग्रजी अमदानीत 1872 साली भारतीय करार अधिनियम झाला. त्याच्या नवव्या प्रकरणात परक्याची वस्तू विशिष्ट कामासाठी हाती घेणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. कलम 151 म्हणते की, सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी घेतली पाहिजे. कलम 152 म्हणते की, खास करार नसेल व तितकी काळजी घेतलेली असेल, तर वस्तूच्या हानीबद्दल वा नाशाबद्दल तो जबाबदार नाही. कलम 161 अन्वये ठरल्या वेळी वस्तू परत न केल्यास तेव्हापासूनच्या हानीची जबाबदारी त्याच्यावर येते. हा तर कात्यायनाचाच नियम नव्या पोशाखात पुढे आला म्हणावयाचे. कलम 150 वस्तू देणाऱ्यावरही बंधन घालते : तिच्यातील जे दोष त्याला माहीत आहेत व ज्यांमुळे वस्तू घेणाऱ्यास असाधारण धोका संभवतो, ते त्याने सांगितले पाहिजेत. पूर्वी निखळलेला खडा कोणी चिकटद्रव्याने बसविला असेल, तर ते लपविणाऱ्या गिऱ्हाइकाची बाजू तितकी दुबळी होते. कलम 170 कारागिराची मजुरी राखते. तेथील उदाहरणच हिऱ्याचे आहे. पैलू पाडण्यास दिलेला हिरा काम झाल्यावर मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याने ठेवून घ्यावा, असा त्याचा हक्क त्यात मान्य केला आहे.

या कायद्याच्या अभ्यासकांत प्रसिद्ध असलेला, 1938 च्या निर्णयसंग्रहात छापलेला मद्रास उच्च न्यायालयाचा एक निवाडा आपल्या व्यवसायातीलच आहे. एका बाईने जुने दागिने मोडून नवे करण्यास सोनाराकडे दिले. रोज संध्याकाळी ती अपुरे काम एका पेटीत घालून कुलूप लावी, पेटी सोनाराच्या खोलीत ठेवी आणि किल्ली स्वतःबरोबर नेई. एका रात्री चोरी झाली. न्यायालयाने ठरविले की, किल्ली नेल्यामुळे त्या रात्रीपुरता ताबा बाईकडेच राहिला होता. म्हणून सोनार जबाबदार नाही. ताबा आणि विश्वास ही दोन्ही एकाच वेळी स्वतःजवळ ठेवून जबाबदारी मात्र दुसऱ्यावर टाकता येत नाही, हे या निवाड्याचे सार.

स्वातंत्र्योत्तर काळात 1986 चा व त्याची जागा घेणारा 2019 चा ग्राहक संरक्षण अधिनियम यांनी दुरुस्तीच्या कामालाही सेवा मानून, तीत उणीव राहिल्यास तक्रारीचा सुलभ मार्ग खुला केला. अशी तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते. जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची शासनमान्य खूण टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. परंतु ही खूण सोन्याच्या कसाची आहे. खड्याच्या पकडीची नव्हे. शिवाय कुंदन, पोलकी आणि जडाव यांचे दागिने त्या सक्तीतून वगळण्यात आले. म्हणजे खड्याविषयीचा भरवसा आजही शिक्क्यातून मिळत नाही. तो जुन्या काळाप्रमाणेच माणसाच्या शब्दातून व नजरेतून मिळवावा लागतो.

कायदा आणि साख

येथे कोणी विचारील की, कायद्याने जबाबदारी नसेल तर कारागिराने हात झटकून मोकळे व्हावे काय? शूद्रकाच्या “मृच्छकटिक” नाटकातील चारुदत्ताची गोष्ट या संदर्भात आठवते. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले अलंकार शर्विलक घर फोडून नेतो. चोराने नेलेल्या ठेवीची भरपाई नाही, हा नियम आपण वर पाहिलाच. तथापि चारुदत्त दरिद्री आहे. घडलेले सत्य कोणी मानणार नाही, गरिबावर जग संशयच घेईल, हे तो जाणतो. म्हणून त्याची पत्नी धूता आपली रत्नावली काढून देते आणि ती वसंतसेनेकडे पाठविली जाते.

आपल्या कित्येक वाडवडिलांनी हाच मार्ग पत्करला. खडा कोणाच्याही दोषाने पडलेला असो, मुकाट्याने पदरचा बसवून द्यावयाचा, असे पुष्कळ पेढ्यांवर चालत आले. ही वृत्ती वंद्य आहे. परंतु तिच्यात एक अन्यायही दडलेला आहे, तो स्पष्ट बोलून दाखविला पाहिजे. मोठ्या पेढीला असा खर्च सोसतो. गल्लीतल्या ओट्यावर शेगडीपुढे बसणाऱ्या एकट्या कारागिराला सोसत नाही. पुष्कळदा पेढीने साख राखली आणि खड्याची किंमत कारागिराच्या मजुरीतून कापली, असेही घडते. साख एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याचा, हा न्याय नव्हे. औदार्य हे जबाबदारी ठरविल्यानंतर दाखवावयाचे असते. ते जबाबदारी न ठरविण्याचे निमित्त होता कामा नये.

श्रेणीचे उत्तरदायित्व

या ठिकाणी प्राचीनांच्या व्यवस्थेतील आणखी एक अंग ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात कारागिरांसंबंधी नियम आहेत. लोकांची वस्तू घेणारा कारागीर श्रेणीने मान्य केलेला असावा, आणि त्याच्यावर विपत्ती आल्यास श्रेणीने त्या निक्षेपाचा भार उचलावा, असा तेथील एका वचनाचा अर्थ प्रचलित आहे. म्हणजे एकटा कारागीर कोसळला तर त्याच्यामागे त्याची श्रेणी उभी असे.

अशा श्रेणींवर लोकांचा किती विश्वास होता, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातील लेणी देतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली : एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. राजघराण्यातील पुरुषाने आपला धर्मादाय कारागिरांच्या संघटनेच्या हवाली करावा, यापरते साखेचे प्रमाण कोणते? जुन्नरच्या लेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. आपल्या व्यवसायापुरते बोलावयाचे तर कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सुवर्णकाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. सोनाराचे नाव स्मृतींत कंटक म्हणून येते, तसे ते कान्हेरीच्या दगडात दाता म्हणूनही येते, हे आपण विसरू नये.

आज आपण काय करावे?

वरील सर्व विवेचनातून एकच गोष्ट निष्पन्न होते. खड्याची जबाबदारी खडा पडतो त्या दिवशी ठरत नाही. दागिना हाती घेतला जातो त्या क्षणी ती ठरते. कौटिल्याच्या दोन मुद्रा, कात्यायनाचे दोन दोष, करार कायद्यातील दोघांची दोन कर्तव्ये, ही सारी त्याच क्षणाकडे बोट दाखवितात. तो क्षण मुकाट्याने गेला, तर पुढे न्यासदोष कोणता व शिल्पिदोष कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून कारागिराने दुरुस्तीचा डाग घेताना तो भिंगाखाली पाहावा. प्रत्येक खडा टोचणीने हळूच दाबून हलतो की काय ते पाहावे. खड्यांची संख्या आणि डागाचे वजन पावतीवर लिहावे. जे ढिले वा झिजलेले दिसेल ते गिऱ्हाइकाला तेथल्या तेथे दाखवून पावतीवर नोंदवावे. झिजलेली नखी दिसली असता जो बोलला नाही, त्याने ती झीज आपल्या अंगावर घेतली असेच आम्ही समजतो. “खड्यांची जबाबदारी नाही” अशी ओळ पावतीवर छापून ठेवल्याने डोळ्यांचे काम होत नाही. काम झाल्यावर तोच डाग गिऱ्हाइकाच्या समक्ष पुन्हा तपासून द्यावा.

गिऱ्हाइकाचीही कर्तव्ये आहेत. पूर्वी कोठे दुरुस्ती झाली, कोणता खडा पुन्हा बसविलेला आहे, हे त्याने सांगावे. काम तयार झाल्याचा निरोप आल्यावर डाग महिनोन्‌महिने पडू देऊ नये. आणि खडा पडलाच, तर रिकामे घर तसेच ठेवून प्रथम त्याच कारागिराला दाखवावे; दुसरीकडे नवा खडा बसवून मग तक्रार करू नये. कारण खडा गेला तरी घर मागे राहते, आणि घर साक्ष देते. झिजून गुळगुळीत झालेली नखी निराळी, धक्क्याने वाकलेली निराळी, आणि तावाने वितळून सरकलेली लाख निराळी. जाणत्या डोळ्याला हा भेद बहुधा दिसतो.

तो जाणता डोळा मात्र वादातील दोघांपैकी कोणाचाच नसावा. मराठेशाहीत असे तंटे गोतापुढे वा पंचायतीपुढे जात. आजच्या काळात कायद्याची जागा कोणी घेऊ शकत नाही, घेऊही नये. परंतु न्यायालयात वा ग्राहक आयोगापुढे जाण्यापूर्वी, आपल्यातील तीन अनुभवी व निःस्पृह कारागिरांनी रिकामे घर पाहून आपले मत लेखी द्यावे, अशी सोय एखाद्या ज्ञातिसंस्थेस सहज करता येईल. सर्वांनी वापरावा असा पावतीचा एक सामाईक नमुना छापणे हे तर त्याहूनही सोपे आहे. आणि ज्या प्रसंगी दोष कारागिराचा ठरेल, पण भरपाई त्याच्या आवाक्याबाहेरची असेल, त्या प्रसंगासाठी सभासदांच्या अल्पशा वार्षिक वर्गणीतून एक लहानसा निधी उभारता आला, तर श्रेणीच्या उत्तरदायित्वाचे ते प्राचीन वचन आपल्या काळात पुन्हा अर्थपूर्ण होईल.

सोन्याची तूट शून्य धरावी, असे याज्ञवल्क्याने आपल्याला बजावून ठेवले आहे. विश्वासाची तूटही तशीच शून्य धरावयाची असेल, तर तिचे वजन घेतानाच आणि देतानाच केले पाहिजे. आमच्या ज्ञातिबंधूंनी व भगिनींनी, मग ते शेगडीपुढे बसणारे असोत की डाग दुरुस्तीस देणारे असोत, या सूचनांचा विचार करावा, इतकीच नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो. इत्यलम्.